शिक्षकाला मारहाण : शिक्षा कोणती आणि किती?

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. कॉपी पकडल्याच्या रागातून नववीतील पंधरा वर्षांच्या मुलाने माझ्या सहकारी शिक्षकांना जिन्यात गाठून मारहाण केली. त्यांचा चष्मा फुटला आणि भुवईला टाके घालावे लागले. पोलिसांनी एफआयआर नोंदवला नाही, मुलाला त्याच संध्याकाळी घरी सोडले आणि संस्थाचालक आता ‘पोराच्या भवितव्याचा विचार करा, मिटवून टाका’ असे सांगत आहेत. कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे की नाही?

उत्तर : पोलिसांचे वागणे आपल्याला टाळाटाळीचे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्यातील बराच भाग नियमाला धरून आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील आरोपी हा बालक ठरतो. त्याच्याकडून घडलेला गुन्हा निर्घृण, म्हणजे खुनासारख्या अतिगंभीर वर्गातील नसेल आणि त्यात कोणी प्रौढ सामील नसेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवायचे, अशी पद्धत आहे. म्हणून एफआयआर नाही म्हणजे प्रकरणच नाही, असे समजून गप्प बसू नये. ठाण्यात जाऊन डायरीतील नोंदीचा क्रमांक आणि मंडळापुढील तारीख लेखी मागावी.

घाई करायला सांगतो त्यालाही कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मधील साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्षाची असल्याने बाल न्याय कायद्यात ती किरकोळ गुन्ह्यांत मोडते, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढ मिळाल्यास आणखी दोन महिन्यांत, पुरी झाली नाही तर ती आपोआप संपुष्टात येते. जबाब द्यायला शिक्षकांनी चालढकल केली, सीसीटीव्हीचे चित्रण शाळेने वेळेत जपून ठेवले नाही आणि वैद्यकीय दाखला उशिरा मिळाला, की मुलगा दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. सगळे नुसते विरून जाते. फुटलेला चष्मासुद्धा फेकून देऊ नये.

मिटवण्याविषयी स्पष्टच सांगतो. साधी दुखापत हा तडजोडीस पात्र गुन्हा आहे, पण तडजोडीचा अधिकार कायद्याने ज्याला इजा झाली त्यालाच दिला आहे, मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या सचिवांना नाही. शिक्षकांनी मनापासून क्षमा केली तर ती त्यांची थोरवी. पगारवाढ अडेल या भीतीने त्यांच्याकडून सही घेतली जात असेल तर त्याला दडपण म्हणतात.

मंडळ काय करू शकते? समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांना दंड, देखरेखीखाली मुक्तता आणि फार तर तीन वर्षे विशेष गृह (दोषी ठरलेल्या मुलांना सुधारणेसाठी ठेवण्याची संस्था), असे मार्ग त्याच्यापुढे असतात. आपण लिहिलेल्या प्रसंगात मी विशेष गृहाचा आग्रह धरणार नाही. परंतु केवळ समज देऊन सोडणे हेही मला अपुरे वाटते. देखरेखीच्या अटी, ठरावीक मुदतीची समाजसेवा आणि पालकांना दंड हे तिन्ही एकत्र असावेत, आणि आदेशापूर्वी मंडळाने जखमी शिक्षकांचे म्हणणे ऐकावे. शिक्षकाला निकाल मुलांच्या कुजबुजीतून कळावा, यासारखी नामुष्की नाही.

प्रश्न : महाविद्यालयातील एकोणीस-वीस वर्षांचे तरुण प्राध्यापकांवर हात टाकतात आणि न्यायालये ‘कोवळे वय’ म्हणून सोडून देतात. अशा गुन्ह्याला किमान पाच वर्षांची सक्तमजुरी का ठेवू नये?

उत्तर : आपला संताप मला समजतो, पण उपाय पटत नाही. २००६ साली उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून झालेल्या गोंधळात प्राध्यापक सभरवाल यांचा मृत्यू झाला. निःपक्षपाती सुनावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खटला नागपूरला हलवला, आणि २००९ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. साक्षीदार फितूर झाले होते. त्या खटल्यात कायद्यातील शिक्षा कमी पडली नव्हती, साक्ष टिकली नव्हती. कोणी कोणाला मारले हे ज्यांनी पाहिलेले असते ते बहुधा आरोपीचेच वर्गमित्र असतात, आणि पाच वर्षांची सक्ती ठेवली तर ती मुले आणखीच तोंड मिटून घेतील, न्यायाधीशही शंकेचा फायदा देण्याकडे झुकतील, असे मला वाटते.

कोवळ्या वयाचा मुद्दा न्यायाधीशांच्या लहरीवर सोडलेला नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८ (दोषीला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्याचा कायदा) याच्या कलम ६ नुसार, जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील दोषीला कैदेत पाठवायचे असेल तर न्यायालयाला त्याची कारणे नोंदवावी लागतात. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दोषीला सोडताना त्याने पीडिताला भरपाई द्यावी, असाही आदेश देता येतो. या कलमाचा आग्रह फिर्यादी पक्षाने धरायला हवा, आणि नेमका तोच धरला जात नाही.

माझ्या मते न्यायालयाने राग आणि सूड यांत फरक करावा. भर वर्गात झालेल्या अपमानाने बिथरून दिलेला एक धक्का वेगळा. गुण कमी दिले म्हणून चौघांना जमवून, रस्त्यात अडवून, मारहाणीचे चित्रण करून ते पसरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात शिक्षक स्वतःचे काम केल्याबद्दल मार खातो, पुढच्या परीक्षेत पर्यवेक्षण करणारा प्रत्येक जण ते लक्षात ठेवतो, आणि म्हणून तेथे वय कोवळे असले तरी प्रत्यक्ष कैद व्हावी. निकालपत्रात गुरुमहिम्याची सुभाषिते घालण्यापेक्षा हा परिणाम दोन ओळींत नोंदवलेला मला अधिक पटेल.

खुनापर्यंत गोष्ट गेली तर मात्र आपला कायदा एका ठिकाणी मला अडचणीत टाकतो. इंग्लंडमधील लीड्स येथे २०१४ साली पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गात शिक्षिकेचा खून केला. त्याला जन्मठेप झाली आणि किमान वीस वर्षे तुरुंगात काढण्याचा आदेश झाला. आपल्याकडे याच वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते, तर सोळा ते अठरा वयाच्या मुलाची खुनासारख्या निर्घृण गुन्ह्यात प्राथमिक मूल्यमापनानंतर, म्हणजे कृत्याची समज त्याला होती का हे मंडळाने तपासल्यावर, प्रौढाप्रमाणे सुनावणी होऊ शकते. वाढदिवसाच्या एका तारखेने एवढे अंतर पडावे, हे मला खटकते. तरीही वीस वर्षांचा आकडा उचलून आणावा असेही वाटत नाही. विशेष गृहातील तीन वर्षांनंतर सक्तीची देखरेख असावी, एवढी सुधारणा मी मागेन.

प्रश्न : डॉक्टरांसाठी आहे तसा वेगळा कायदा शिक्षकांसाठी का नाही?

उत्तर : महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांसाठी २०१० चा अधिनियम आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक लोकसेवक असल्याने, कर्तव्य बजावताना त्यांना इजा केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १२१ लावता येते; खासगी शाळेतील शिक्षकाला ते संरक्षण सहसा मिळत नाही. एकाच कामाला दोन मापे लावणारी ही दरी एका ओळीच्या दुरुस्तीने बुजेल. स्वतंत्र कायद्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : मारहाण करणाऱ्या सातवीतील मुलाला शाळा सोडल्याचा दाखला देऊन मोकळे व्हावे काय?

उत्तर : तसे करता येणार नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याची तुकडी बदलावी, समुपदेशन सुरू करावे आणि पालकांना बोलावून झालेल्या बोलण्याची लेखी नोंद ठेवावी. तुकडी मुलाची बदलावी. अनेक शाळा शिक्षकालाच दुसऱ्या वर्गावर पाठवतात आणि मार खाल्लेल्या माणसालाच हलवतात. शिक्षकांची मागणी असेल तरच तसे करावे आणि ती मागणी त्यांच्याकडून लेखी घ्यावी.