प्रवासाला निघताना : बाळ मांडीवर की सीटमध्ये?

प्रश्न : काकू, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याचं. लेक ९ महिन्यांची आहे, वजन साडेआठ किलो. डिसेंबरात तिचं जावळ काढायला येतोय, तेव्हा ती ११ महिन्यांची असेल. नवरा दहा दिवस मागून येणार, त्यामुळे येताना आम्ही दोघीच. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. तिचं वेगळं तिकीट काढू की मांडीवर घेऊ? तिची कार सीट (मोटारीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची) विमानात न्यायची की सामानात टाकायची? सासरे म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला आम्ही एसटीत मांडीवर घेऊन वाढवलं, सीट कसली आणतेस!"
– तुमच्या मुलीच्या वयाची एक वाचक

उत्तर : मुलीच्या वयाची आहेस, मग तुला 'तू'च म्हणते.

मी २६ वर्षं विमानात नोकरी केली. लोक 'हवाई सुंदरी' म्हणायचे. लँडिंगनंतर सुजलेले पाय बुटातून काढताना कुणी बघितलं असतं तर तो शब्द परत घेतला असता. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी विमानापासून नाही, मुंबई विमानतळाच्या दारापासून सुरू करणार आहे.

युरोपातून येणारी बरीच विमानं मुंबईला मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात. इमिग्रेशन, बॅगा करून बाहेर येईपर्यंत दोन वाजतात. पुढे साताऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटर: एक्सप्रेस वे, कात्रजचा बोगदा, खंबाटकीचा घाट. गाडी चालवणारा संध्याकाळपासून विमानतळावर डुलक्या काढत बसलेला. अख्ख्या प्रवासात तुझ्या लेकीला सगळ्यात जास्त धोका कुठे असेल तर या पाच-सहा तासांत, आकाशात नव्हे. म्हणून सीट आणायचीच, त्यावर चर्चा नाही. प्रश्न उरतो तो ती कशी आणायची एवढाच.

सामानात टाकू नकोस. माझ्या नातवाची सीट आम्ही चेक-इन केली होती. पट्ट्यावर आली तेव्हा वरून छान दिसत होती. घरी आल्यावर धुवायला म्हणून कापड काढलं, तर खाली पाठीच्या प्लॅस्टिकला केसासारखी बारीक चीर. नख फिरवलं की लागायची. अशी सीट धक्क्याच्या वेळी धरेल की दुभंगेल याची खात्री कोण देणार? विमान कंपनीनं एक फॉर्म भरून घेतला, पुढे काही झालं नाही. ती सीट आता आमच्या गच्चीत आहे, तिच्यात कोरफड लावलीय.

आता तिकीट. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर लागतात. वेगळी सीट घेतली तर लहान मुलाचं भाडं, आणि ते काही स्वस्त नसतं. परवडत असेल तर घे, असं मी सरळ सांगते. कारण मी बघितलंय. एकदा अरबी समुद्रावर विमान अचानक खाली बसलं. पट्ट्याचा दिवा लागायलाही वेळ मिळाला नाही. कॉफीची किटली छताला लागली, आणि १४व्या रांगेत एका आईच्या हातातलं बाळ उचललं गेलं. शेजारच्या गृहस्थांनी त्याचा पाय पकडला. बाळाला काही झालं नाही, पण ती आई मुंबई येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिची पकड काही ढिली नव्हती. अशा वेळी आठ-नऊ किलोचं मूल हातांनी धरून ठेवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं असतं.

आमच्या धंद्यात जॅन ब्राउन हे नाव सगळ्यांना माहीत असतं. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळत उतरलं, तेव्हा त्या विमानात मुख्य हवाई सेविका होत्या. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी मांडीवरची मुलं जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं. त्यातलं एक मूल वाचलं नाही. त्यानंतर प्रत्येक मुलाला विमानात स्वतःची सीट आणि पट्टा हवा, यासाठी त्या वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. अमेरिकी सरकारनं ते सक्तीचं केलं नाही. कारण असं दिलं की जादा तिकिटाच्या खर्चानं कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर मुलं जास्त मरतात. हिशोब बरोबर असेलही. मला तो गिळवत नाही.

तिकीट घेतलंस तर सीटच्या बाजूचं लेबल बघ. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मोटारीत आणि विमानातही चालते. त्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. तुझी फ्लाइट युरोपातल्या कंपनीची असेल तर त्यांना मॉडेल कळवून होकार ई-मेलवर घे. रुंदी मोज. १६ इंचांपर्यंतची सीट विमानातल्या बहुतेक खुर्च्यांत बसते. जागा खिडकीची घे, म्हणजे बाहेर पडताना कुणाची वाट अडत नाही. लेकीचं तोंड मागच्या बाजूलाच राहू दे. पुढच्या माणसाला त्याची खुर्ची मागे पाडता येणार नाही, तो कुरकुर करेल. गोड हसून सांग, नाही ऐकलं तर कर्मचाऱ्यांना बोलव.

बादलीसारखी हँडलवाली सीट असेल आणि लेक तिच्या वजन-उंचीत बसत असेल (डोकं वरच्या काठाच्या निदान एक इंच खाली हवं), तर तीच आण. तिचा बेस (मोटारीत बसवून ठेवायचा खालचा भाग) घरी ठेव, तो विमानातही लागत नाही आणि टॅक्सीतही. मात्र विमान वर स्थिर झालं, दिवा विझला की तिला काढून जरा मोकळं कर. तासन् तास त्या वाकड्या अवस्थेत झोपवायचं नाही.

तिकीट नाही परवडत? मग अपराधी वाटून घेऊ नकोस. पुढच्या भिंतीजवळची पाळण्याची जागा आजच फोन करून मागून ठेव, आणि वजनाबरोबर लांबीचीही मर्यादा विचार. ११व्या महिन्यात पोरी पायांनीच बाहेर येतात. पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेली असली तरी उचलावं लागतं, ही तयारी ठेव. युरोपातल्या आणि भारतातल्या कंपन्या मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्यात ओवायचा छोटा पट्टा देतात, अमेरिकी कंपन्या देत नाहीत. कार सीट मात्र गेटपर्यंत ने आणि काउंटरवर विचार, "शेजारची जागा रिकामी आहे का?" असली तर कधीकधी सीट आत नेऊ देतात. नसली तर विमानाच्या दारात दे. चेक-इनपेक्षा तिथे आदळआपट कमी होते. जाड पिशवी घेऊन ठेव. पण दारात दिलेली वस्तू फ्रँकफर्टलाही दारातच मिळेल असं धरून चालू नकोस. लेक छातीशी बांधायच्या झोळीत असू दे, हात मोकळे राहतील.

आता मुंबईची गाडी. बुक करतानाच दोन गोष्टी विचार. एक, डिकीत सीएनजीची टाकी आहे का? असेल तर तुझ्या दोन बॅगा तुझ्या शेजारी येतील. दोन, मागच्या सीटचे पट्टे आणि बकल वर आहेत का? आपल्याकडे नवं कव्हर घातलं की बकल गादीखाली जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. माझ्या ड्रायव्हरनं एकदा "मॅडम, मागे पट्टा कशाला" म्हणत फटीत हात घातला, तर आधी शेंगदाण्याची टरफलं निघाली, मग बकल. आणखी एक: अमेरिकेतल्या गाड्यांचा पट्टा पूर्ण ओढून सोडला की अडकून बसतो. इथल्या बऱ्याच गाड्यांत तो फक्त झटका बसला तरच अडकतो, एरवी सैल होत राहतो. तुझ्या सीटलाच पट्टा आवळून धरणारा चिमटा आहे का, ते तिथेच पुस्तिकेत बघून ये. बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलव, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. स्वेटर काढून बांध, वरून शाल घाल.

आणि घाटात रडली तर गाडी थांबवायची, चालत्या गाडीत तिला काढायचं नाही. सोबत आजी असेल तर हे आधीच सांगून ठेव, कारण आजीचा हात आपोआप जातो, माझाही जातो.

सासऱ्यांना माझा नमस्कार. त्यांना सांग, २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. आपल्याकडची वडीलधारी मंडळी जिवाच्या भीतीपेक्षा पावतीला जास्त मानतात. आणि एसटी तेव्हा चाळीसनं चालायची.

प्रश्न : मी नागपूरची. नात दीड वर्षाची आहे. आम्ही तिला घेऊन सहा महिन्यांसाठी सिंगापूरला लेकाकडे चाललोय. मांडीवरचं तिकीट चालेल ना?

उत्तर : जाताना चालेल, येताना नाही. तिथेच तिला दोन वर्षं पूर्ण होतील, आणि वाढदिवसानंतरच्या प्रवासाला तिची स्वतःची जागा लागते. परतीचं तिकीट आत्ताच तसं काढा. विमानतळावर ऐनवेळी काढायला लागलं तर आजोबांचं ब्लड प्रेशर वाढेल, भाड्याचा आकडा ऐकून.

प्रश्न : पुण्याहून दिल्लीला चाललोय. मुलगा तीन वर्षांचा, १४ किलो. त्याची पुढे तोंड करून बसायची कार सीट विमानात नेऊ का? की बूस्टर (मुलाला उंच बसवणारी नुसती बैठक) नेऊ, तो हलका आहे?

उत्तर : बूस्टर नाही. त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात फक्त कमरेचा असतो. कार सीट न्यायची तर ती विमानाला चालते असं लेबल आहे का बघा. इथे विकत घेतलेल्या सगळ्या सीटवर ते नसतं, म्हणून विमान कंपनीला आधी विचारा.

बसवताना एक करा. विमानाचा पट्टा सीटच्या मागून जातो आणि बकल नेमकं मुलाच्या पाठीमागे येतं. झाकण कार सीटच्या बाजूला राहिलं तर उतरताना ते उचलायला जागाच उरत नाही. एका बापाला सगळं विमान रिकामं झालं तरी ते उघडता आलं नव्हतं. मुलगा झोपलेला, मागे सफाईवाले झाडू घेऊन उभे. शेवटी मी गुडघ्यावर बसून सीटचं कापड वर केलं आणि मधल्या भोकातून दोन बोटं घालून ते उघडलं. तेव्हा पट्टा लावतानाच बकल उलटं फिरवून घ्या, झाकण विमानाच्या खुर्चीच्या पाठीकडे यायला हवं.