मामी, दिवाळीनंतर नक्की!

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. नणंदेच्या मुलाला जुना टेम्पो घ्यायला 12 जून 2023 रोजी दीड लाख हातउसने दिले. एक लाख वीस हजार बँकेतून, तीस हजार रोख. कागद केला नाही, कधी द्यायचे तेही ठरलं नाही. विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मामी, दिवाळीनंतर नक्की’ येतं. अशा दोन दिवाळ्या गेल्या. कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणतो, तिथं छोट्या रकमांसाठी वेगळं कोर्ट असतं, वकील लागत नाही. आपल्याकडे आहे का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, मुलाचं खरं आहे. तिथं साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा माणूस स्वतःच मांडतो, वकिलाला उभंही करत नाहीत. आपल्याकडचं ‘लघुवाद न्यायालय’ नावावरून तसंच वाटतं, पण तिथं मुख्यतः घरमालक-भाडेकरूंची भांडणं, तीही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. तुम्हाला वाईच्या दिवाणी न्यायालयातच जावं लागेल.

मला धास्ती आहे ती तुमच्या तारखेची. परतफेडीचा दिवस ठरला नसेल तर दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षं. नोटिशीपासून नाही, शेवटच्या दिवाळीपासून तर नाहीच. म्हणजे जून 2026 मध्ये संपते!

मेसेज पुसू नका, पण सहीची सर त्यांना नाही. भाच्याला चहाला बोलवा, नणंदही असू दे. अर्ध्या पानावर त्याच्याच हातानं लिहून घ्या : ‘मामीकडून 12 जून 2023 ला दीड लाख घेतले, ते देणे आहे.’ सही, आजची तारीख. मुदतीच्या आत अशी कबुली मिळाली की तिथून नवी तीन वर्षं मोजतात. शिवाय त्या रोख तीस हजारांना आज तुमच्या शब्दापलीकडे पुरावा काय आहे?

त्यानं चेक दिला तर तीन महिन्यांच्या आत भरा. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, मग त्याला पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिनाभरात फौजदारी तक्रार. यातला एक टप्पा हुकला तरी प्रकरण लंगडं होतं.

सही देत नाही, पण बोलायला तयार आहे? मग तालुका विधी सेवा समितीकडे लोकअदालतीसाठी दावापूर्व अर्ज करा. फी नाही, आणि झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की. मात्र तो अर्ज केला म्हणून मुदत थांबली असं समजू नका. कोर्टाच्या मेच्या सुट्टीआधी काहीच हाती लागलं नाही, तर नातं बाजूला ठेवून दावा दाखल करा.

आणि बँकेचा उतारा आजच काढा. त्यात 12 जूनची ओळ दिसली पाहिजे.