पीएचक्यू-९ वर २२ आले म्हणून एफ३३.२ लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन डॉक्टरांच्या नोट्स वाचून निदानाला कोड लावायचा, हे आपलं काम. एका चार्टमध्ये डॉक्टरांनी असेसमेंटला, म्हणजे निदानाच्या भागात, ‘एमडीडी, रिकरंट’ (मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, पुन्हा उद्भवलेला) एवढंच लिहिलंय. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा स्कोअर २२ आहे, सर्ट्रालीन (नैराश्यावरची गोळी) १०० वरून १५० केलंय. तुम्ही एफ३३.२ (सिव्हिअर) दिला, ऑडिटरने एफ३३.९ (तीव्रता न लिहिलेला) करून एरर धरली. आता तुम्ही विचारताय, २२ म्हणजे सिव्हिअरच ना, मग चुकलं कुठे?

ऑडिटर बरोबर आहे. मी चौदा वर्षं या कामात आहे, त्यातली आठ ऑडिटमध्ये, आणि हीच एरर मी स्वतःही खाल्लेली आहे.

प्रश्नावलीत २० ते २७ हा पट्टा सिव्हिअरचाच आहे, तेवढं तुमचं खरं. पण ती पेशंटने भरलेली असते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, किती दिवस त्रास झाला, याचे ते आकडे. डॉक्टर ते समोर ठेवून पेशंटशी बोलतात, थायरॉईड बघतात, घरात नुकतं कुणी गेलंय का ते विचारतात आणि मग निदान ठरवतात. स्कोअर २२ असूनही त्यांनी ‘मॉडरेट’ लिहिलं तर कोड एफ३३.१ लागेल आणि आपण काही बोलायचं नाही. आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या, गाइडलाइन्समध्ये पहिल्या सेक्शनमधला ए-१९ हा मुद्दा आज परत वाचा. कोड प्रोव्हायडरच्या निदानावर ठरतो, आपण लावलेल्या निकषांवर नाही.

माझ्या पहिल्या वर्षी, मालाडच्या ऑफिसात, मी एचपीआयमधलं (आजाराच्या हकिगतीतलं) ‘सिव्हिअर डिप्रेशन’ वाचून एफ३३.२ दिला होता. माझ्या सीनियर ताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. स्क्रीनवरच्या असेसमेंटवर त्यांनी आडवा तळहात धरला आणि म्हणाल्या, ‘वरचं वाक्य वाच. कोण बोलतंय?’ वाक्य होतं, ‘पेशंट स्टेट्स’. मग हात काढला. खाली डॉक्टरांचं स्वतःचं वाक्य होतं, त्यात सिव्हिअर नव्हतं. तेव्हापासून कुठलाही सायकचा चार्ट उघडला की मी आधी हेच बघते, कोण बोलतंय.

‘रिकरंट’चंही तसंच. दोन एपिसोडच्या मध्ये किमान दोन महिने पेशंट निकषांच्या बाहेर हवा, असं मानसिक आजारांच्या निकषांचं पुस्तक डीएसएम-५ सांगतं. पण तारखांची बेरीज-वजाबाकी करून आपण एफ३२ (एकच एपिसोड) चा एफ३३ (रिकरंट) करायचा नाही. तुमच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी रिकरंट लिहिलंय, म्हणून एफ३३ टिकला, नाहीतर तोही गेला असता. एचपीआयमध्ये आवाज ऐकू येतात असं दिसलं म्हणून एफ३३.३ (सायकॉटिक लक्षणांसह सिव्हिअर) लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

उलट्या बाजूच्या चार्टमध्ये मला जास्त चुका सापडतात. स्कोअर ३, पेशंट कामावर जातोय, झोप नीट, गोळी चालू, आणि असेसमेंटला चार व्हिजिटपासून तेच ‘रिकरंट, सिव्हिअर’ कॉपी होऊन आलेलं. इथे रिमिशन (लक्षणं ओसरलेली) दिसतंय म्हणून स्वतः एफ३३.४१ किंवा एफ३३.४२ द्यायचा नाही. पार्शल की फुल, हे डॉक्टरांनीच लिहायला हवं. आणि सिव्हिअरही डोळे मिटून द्यायचा नाही. नोट स्वतःशीच भांडत असेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न.

तुमच्या टीएलने (टीम लीडने) ‘सिव्हिरिटी शोधा’ म्हटलं ते का, तेही समजून घ्या. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या (अमेरिकेतला विमा, ज्यात निदानाच्या वजनावर कंपनीला पैसे मिळतात) व्ही२८ मॉडेलमध्ये एफ३३.९ चं वजन गेलं, एफ३३.१ आणि एफ३३.२ चं राहिलं. शोधणं योग्यच आहे, पण ते सापडलं पाहिजे, तयार करता कामा नये. नोटमध्ये नसलेला सिव्हिअर तुम्ही लिहिलात तर तिकडे कुणाच्या तरी रेकॉर्डवर तो कायमचा बसतो, आणि त्या नावावर खोटा क्लेम जातो.

नेमकं निदान का लागतं ते मला घरी कळलं. माझ्या मावसभावाला मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट केलं होतं. बिल्डिंगमध्ये चर्चा नको म्हणून घरच्यांनीच विनंती केली आणि डिस्चार्ज कार्डवर ‘स्ट्रेस’ एवढंच आलं. क्लेम अडकला. मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पण कागदावर आजारच नव्हता, तर कायदा लावणार कशाला? शेवटी डॉक्टरांनी पूर्ण ओळ लिहून दिली: रिकरंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, करंट एपिसोड सिव्हिअर, विदाउट सायकॉटिक सिम्प्टम्स. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्येही तो एफ३३.२ च. त्या एका ओळीसाठी मावशी तीन वेळा अंबरनाथहून लोकलने आली.

तर ऑडिटरला रिबटल (हरकत) टाकू नका, डॉक्टरांना क्वेरी टाका. त्यात पुरावा लिहा: स्कोअर २२, डोस वाढवला, दोन आठवड्यांनी बोलावलं. मग विचारा, सध्याच्या एपिसोडची तीव्रता काय? पर्याय द्या: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर सायकॉटिक फीचर्ससह किंवा त्याशिवाय, रिमिशन, इतर, सांगता येत नाही. ‘सिव्हिअर आहे ना?’ असं विचारलं तर ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी, क्वेरी होते. पैशांचा उल्लेख तर अजिबात नको, अहिमा आणि अ‍ॅक्डिस या व्यावसायिक संस्थांच्या क्वेरी गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे. उत्तर येईपर्यंत एफ३३.९ योग्य आहे.

आणि एक गोष्ट, जी ऑडिटरने लिहिली नाही पण मला तुमच्या प्रश्नातली सर्वात महत्त्वाची वाटते. आज शिफ्टला बसल्यावर त्या २२ मधला नववा प्रश्न उघडा. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हा तो प्रश्न. तिथे शून्य नसेल आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये त्याबद्दल एक शब्दही नसेल, तर आर४५.८५१ (आत्महत्येच्या विचारांचा कोड) देऊ नका, पण चार्ट रांगेत पडूही देऊ नका. टीएलला लगेच सांगा, क्लायंटकडे एस्कलेट करायला लावा आणि पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय लॉगआउट करू नका.