साहेब झालो आणि सगळे गप्प झाले

एरवी या कॉलमला बॉसची तक्रार करणारी पत्रं येतात, या महिन्यात उलटंच झालंय, बॉस लोकच लिहितायत. तीन पत्रं घेतलीयत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीजवळ आंबा पल्पच्या फॅक्टरीत आहे. हेल्पर म्हणून लागलो होतो, यंदा सीझनच्या तोंडावर मालकांनी प्रॉडक्शन इनचार्ज केलं. अर्धा स्टाफ आमच्याच वाडीतला, कटिंग टेबलवरच्या दोन काकी तर शेजारच्याच घरातल्या. ढिलं सोडलं तर डोक्यावर बसतील म्हणून पहिल्या दिवसापासून कडक राहिलो, काहीही झालं तरी लाइन थांबता कामा नये हे सगळ्यांना ठणकावून सांगितलं. मे महिन्यात एक दिवस सीमरचं, म्हणजे डब्याला झाकण बसवणाऱ्या मशीनचं, सेटिंग हललं, डब्यांचं झाकण नीट बसत नव्हतं, पुढे गोडाऊनमध्ये डबे फुगायला लागले आणि आख्ख्या दिवसाचा लॉट अडकला. नंतर कळलं की मशीनचा आवाज बदललाय हे ऑपरेटर काकांना सकाळीच कळलं होतं. विचारलं तर म्हणाले, "तूच बोललास ना थांबवायची नाय." आता मालक म्हणतात जरा नम्र हो, माणसं सांभाळून घे. नम्र झालो तर काम कोण करणार? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

उत्तर: काकांनी तुम्हाला धडा शिकवला असं वाटून घेतलं असेल तर आधी ते डोक्यातून काढा. त्यांनी तुमची ऑर्डर पाळली. मशीन थांबवलं तर ओरडा नक्की होता, आणि डबे फुगतीलच असं काही नक्की नव्हतं, मग कुठलाही शहाणा माणूस काय करणार? गप्प बसणार.

आणि मालक म्हणतात म्हणून नुसता आवाज खाली आणून काही होणार नाही हो. मी लोट्याला केमिकल फॅक्टरीत पर्सोनेलला नोकरी केली, तिथे अगदी मधाळ बोलणारे साहेब पाहिलेत ज्यांच्यापर्यंत वाईट बातमी सगळ्यात शेवटी पोचायची, कारण ऐकलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की सांगणाऱ्यालाच गुन्हा केल्यासारखं व्हायचं. आणि तोंडाने फटकळ, शिव्या घालणारे एक शिफ्ट इनचार्ज होते, त्यांना मात्र रात्री २ वाजता पण ऑपरेटर घरून उठवून सांगायचा की साहेब व्हॉल्व्हचं काहीतरी गडबड वाटतंय. आमच्याकडे 'निअर मिस'चं रजिस्टर असायचं, म्हणजे अपघात झाला नाही पण होता होता वाचला अशा गोष्टी त्यात लिहायच्या. नवीन आलेले मॅनेजर ज्या डिपार्टमेंटचं पान कोरं त्यांचं कौतुक करायचे. जुने लोक त्याच डिपार्टमेंटवर नजर ठेवून असायचे.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम्सचा अभ्यास केला, औषध देण्यातल्या चुका कुठे किती होतात ते बघायला. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! नीट खोदून बघितल्यावर लक्षात आलं की तिथे चुका बोलून दाखवायची लोकांना भीती नव्हती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी लपत होत्या. तुमच्या फॅक्टरीत सीझनभर कोणी काही तक्रार आणली नाही याचं तुम्हाला बरं वाटत असणार, त्याच वेळी घाबरायला हवं होतं.

विमानवाल्यांना तर याची फार मोठी किंमत मोजावी लागली. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट रनवेवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण करणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की दुसरं विमान अजून रनवेवरच तर नाही ना. कॅप्टन कंपनीतले अत्यंत सीनियर, इतर पायलटना ट्रेनिंग देणारे, त्यांनी ठामपणे उडवून लावलं आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. कारणं इतरही होती, रेडिओवरचं बोलणं नीट ऐकू गेलं नव्हतं वगैरे, पण अशा अपघातांनंतर पायलटच्या ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी मुद्दाम आल्या, ज्युनियरने शंका रेटून कशी मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकायची कशी. तुमचे काका त्या इंजिनिअरच्या जागी होते, आणि त्यांनी तर एकदाही विचारलं नाही.

आता करायचं काय. तुमची सकाळची मीटिंग कशी होते ते तुम्ही लिहिलं नाहीय, पण मी सांगते. देवळात गाऱ्हाणं घालतात तशी. तुम्ही एकटे बोलताय आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा". देवळात ते शोभतं, सीमरसमोर नाही. तेव्हा तुम्ही शेवटी बोला. आणि "सगळं ठीक ना?" विचारू नका, त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर आपल्याकडे कोणी देतच नाही. त्यापेक्षा "काल कुठल्या डब्यांनी त्रास दिला?", "आज कापताना साका जास्त लागतोय का?" असं विचारा. साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, म्हणजे त्या दिवशीचा आंबा कसा आलाय हे फॅक्टरीत सगळ्यात आधी कटिंग टेबलवरच्या काकींना माहीत असतं, तुम्हाला नाही, मालकांना नाही, लॅबला पण नंतर. अशा माणसाला रोज विचारायचं हे धंद्याचंच काम आहे, त्यात नमतं घेण्यासारखं काय आहे?

दुसरं, लाइन थांबवायचा अधिकार सीमरवाल्या काकांना द्या, आणि सगळ्यांच्या समोर द्या. जपानात टोयोटाच्या फॅक्टरीत लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत बोलावू शकतो, अडचण तिथल्या तिथे सुटली नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नको, बोर्डावर लिहा की आवाज बदलला किंवा सीम चेकला (झाकणाची जोड तपासताना) डबा फेल गेला तर ऑपरेटर विचारायला न जाता मशीन बंद करेल. मग एक दिवस काका मशीन बंद करतील आणि निघेल काहीच नाही, वीस मिनिटं गेली, पिकलेला आंबा क्रेटमध्ये तसाच पडलाय, मालक फोनवर विचारतायत का थांबलं. तुमची परीक्षा तेव्हा आहे. त्या वेळी तुमच्या तोंडून "बरं केलंत बंद केलंत" हे निघालं आणि मालकांना "मी सांगितलंय थांबवायला" हे निघालं, तर तुमचं काम झालं. त्याऐवजी नुसता "च्च" केलात तरी पुढच्या मेपर्यंत कोणी मशीनला हात लावणार नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

बातमी आणणाऱ्याला त्याच क्षणी "का झालं, कोणी केलं" विचारू नका हेही त्यातच आलं. आधी माल वाचवा, चौकशी संध्याकाळी चहाबरोबर.

त्या लॉटबद्दल मालकांना अजून काकांचं नाव सांगितलं नसेल तर सांगू नका, माझ्या शिफ्टला झालं एवढंच सांगा. सांगून बसला असाल तर काकांच्या घरी जाऊन या, ऑफिसात बोलावू नका. आणि तिथे "काका तुम्हीच मोठे" वगैरे नको, त्यांना कळतं सगळं. सीमरचा आवाज ऐकून काय काय ओळखता येतं ते शिकवा म्हणावं, आणि खरंच शिका, चार दिवस सकाळी त्यांच्या बाजूला उभे राहा.

कडकपणाचं म्हणाल तर तो अजिबात सोडायचा नाही, फक्त तुमच्या मानापानावरून काढून कामावर लावा. टोपी, हात धुणं, नखं, यात सूट शून्य. अन्नाच्या लाइनवर बांगड्या-अंगठ्या चालत नाहीत हे काकींना सांगणं अवघड आहे, हिरव्या बांगड्या काढा म्हणणं म्हणजे आपल्याकडे काय ते तुम्हाला माहितीय. चारचौघांत ओरडू नका, एखाद्या मोठ्या काकींशी आधी बाजूला बोला, काच पल्पमध्ये गेली तर काय होईल ते दाखवा, त्या स्वतःच मार्ग काढतील. पण नियम राहणार. आणि तो राहणार म्हणजे मालक पाहुण्यांना घेऊन बिनटोपीचे आत आले तर दारात त्यांनाही अडवायचं, तुम्ही स्वतः. काकींना बोलता येतं आणि मालकांना नाही, अशा कडक साहेबाला वाडीत काय म्हणतात ते मी इथे छापू शकत नाही.

प्रश्न: ताई, मी कुडाळकडच्या एका पतपेढीत शाखाधिकारी आहे, वय २९. माझ्या हाताखालचे दोघं माझ्या वडिलांच्या वयाचे. कर्जाच्या फाइलवर मी काही शंका काढली की कस्टमरसमोर म्हणतात, "अगो बाय, तुका काय कळता, ह्यो आमच्या गावचो माणूस." मी आधीच हळू बोलते. सगळे सांगतात मोठ्यांशी नम्रतेने घे. अजून किती घेऊ?

उत्तर: अजिबात नको. नम्रतेचा सल्ला आपल्याकडे ज्यांना गरज असते त्यांना कोणी देत नाही आणि तुमच्यासारख्या मुलींना फुकट वाटत फिरतात. वरचं उत्तर तुमच्यासाठी नाहीये, तिथे साहेबाचा आवाज मोठा होता, इथे तुमचाच आवाज दाबला जातोय.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कुठल्या घराण्याने कधी हप्ता बुडवला, कुठली जमीन सामायिक सातबाऱ्यावर आहे आणि भावाभावांत कोर्टात आहे, हे त्या दोघांना फाइल न उघडता ठाऊक असेल, ते सोनं आहे, ते मागून घ्या, लिहून घ्या. पण सही तुमची आहे. कर्ज बुडालं तर ऑडिटर "गावचो माणूस" म्हणून सोडत नाही, सही कोणाची ते बघतो. म्हणून कस्टमरसमोर वाद घालू नका, एवढंच म्हणा, "काका, फाइल माझ्या टेबलावर ठेवा, मी बघून सांगते," आणि पूर्ण कागद आल्याशिवाय सही करू नका. कस्टमर गेल्यावर केबिनमध्ये दोघांनाही स्पष्ट सांगा की कस्टमरसमोर मला 'बाय' म्हणायचं नाही, मॅडम म्हणा नाहीतर नावाने हाक मारा. पहिले आठ दिवस तोंड फुगवतील, फुगवू देत. परत झालं तर लेखी द्या. वय मोठं आहे म्हणून पाया पडायचं ते दसऱ्याला, कर्जाच्या फाइलवर नाही.

प्रश्न: गुहागरला माझं छोटं रिसॉर्ट आहे, सहा माणसं कामाला. मी दोन दिवस मुंबईला गेलो तरी फोन सुरूच, गॅस संपला, एसी बंद, गेस्टला सुरमई पाहिजे पण रेट वाढलाय काय करू. सगळं मलाच विचारतात. माणसं जबाबदारी घेतच नाहीत, काय करावं?

उत्तर: घेत नाहीत की तुम्ही देत नाही? मागच्या वेळी कोणी न विचारता सुरमई घेतली तेव्हा तुम्ही त्याला काय बोललात ते आठवा, माझी पैज आहे काहीतरी बोललाच असणार.

कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या, तुमच्या गेस्टपैकी बरेच तिनेच चिपळूणला उतरून येत असतील. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नद्या, बोगदे, खचणारी माती, १९९० ला कॉर्पोरेशन झालं आणि १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू. कॉर्पोरेशनचे प्रमुख श्रीधरन साहेब, असा माणूस वर असून त्यांनी सगळं स्वतःकडे ओढून ठेवलं नाही, मार्गाचे सात भाग पाडले, प्रत्येकाला एक चीफ इंजिनिअर, आणि त्याच्या भागाचे निर्णय त्याने तिथेच घ्यायचे. तुमच्याकडे सातच खोल्या असतील, एक एसी बंद पडला तर मेकॅनिक कोणाला बोलवायचा हे ठरवायला मुंबईहून साहेब कशाला लागतो?

एक रक्कम ठरवा, समजा दोन हजार. तेवढ्यापर्यंत किचनचा खर्च कूकने ठरवायचा, खोल्यांचा केअरटेकरने, न विचारता, बिल फक्त डब्यात टाकायचं. त्यात कधीतरी महाग सुरमई घेतली जाईल, शंभर-दोनशे जास्त जातील, ती तुमच्या शिकवणीची फी समजा आणि बोलू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, गेस्ट पण कमी, तेव्हाच सुरुवात करून बघा, चुका झाल्या तरी स्वस्तात होतील. गणपतीला घरी जाल तेव्हा फोन बायकोकडे देऊन ठेवा, तिला सांगा आग लागली तरच मला दे.