सुई पुढे सरकेना, आर्म उठेना

प्रश्न : माझ्याकडे गॅरार्डचा झिरो १०० हा रेकॉर्ड प्लेअर आहे. शेवटच्या खाचेत सुई फिरत राहते, आर्म (सुई धरणारा हात) आपोआप उठत नाही. शिवाय या आर्ममध्ये कोनाची चूक, म्हणजे सुई खाचेला तिरकी होणे, नसते, मग अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर ढकलणारी सोय) बंद केले तर चालेल का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. बंद करू नका. १९७१ च्या या ब्रिटिश यंत्रात आर्मच्या मुख्य नळीला समांतर दुसरा दांडा आहे. आर्म आत सरकतो तसा तो हेडशेल (आर्मच्या टोकाचा भाग) वळवतो आणि त्यातले कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) खाचेच्या स्पर्शरेषेत राहते. पण खाचेतले घर्षण सुईला ज्या रेषेत ओढते, ती रेषा आर्मच्या मुख्य खुंटीतून जात नाही. त्यामुळे आत ओढणारे बल उरतेच. चुंबकीय अँटिस्केटिंग त्यासाठीच दिले आहे.

आर्म न उठण्याचे कारण बहुधा घट्ट झालेले जुने ग्रीस. प्लग काढा, थाळी उचला आणि मोठ्या कॅम-चाकावरची चिमुकली ट्रिप-पट्टी (आर्म उठवण्याची क्रिया सुरू करणारी पट्टी) शोधा. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिला तेल मात्र घालू नका, कोरडीच हवी. तेलाने ती पुन्हा चिकटते. ती नुसत्या फुंकरीने हलली पाहिजे.

जाता जाता हेडशेल दोन बोटांत धरून हलवून बघा. सांध्यात टकटक लागली तर झीज आहे, आणि ती आवाजात खरखरीसारखी उतरते. सांधा आवळायचा मोह टाळा. जड झाला की या आर्मचा अर्थच संपतो.