निअँडरथलांच्या भोवती कुठली झाडं होती, हे परागकणांवरून खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय, की इराकमधल्या शनिदार गुहेत निअँडरथलांनी, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या मानवी भाईबंदांनी, मृताला फुलं वाहिली हे परागकणांवरून ठरवलं गेलं, तर मग आसपासचा परिसरही त्यावरून सांगता येतो का?

येतो. मी काही वर्षं परागकण मोजायचं काम केलंय. तिथे पहिला धडा मिळाला तो हा, की कण कुठल्या झाडाचा हे कळून भागत नाही, तो इथवर आला कसा हेही विचारावं लागतं.

परागकणाचं कवच भलतंच चिवट. गाळातली वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळते, कवच तसंच राहतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखत शेकडो कण मोजायचे. गवताचा कण म्हणजे एकच भोक असलेला गुळगुळीत गोळा, झेंडूच्या कुळातला काटेरी चेंडू, आणि पाइनच्या कणाला दोन बाजूंना हवेचे दोन फुगे. या फुग्यांवर तो कुठच्या कुठे जातो. त्यामुळे नमुन्यात पाइन भरपूर म्हणजे गुहेबाहेर पाइनचं जंगल, असं म्हणायची घाई करू नये.

म्हणूनच स्पेनच्या दक्षिण टोकाशी असलेल्या जिब्राल्टरच्या गोरहम गुहेतलं, जिथे निअँडरथल राहत होते, काम मला फार मोलाचं वाटतं. तिथे परागकणतज्ज्ञ होसे कारियोन आणि सहकाऱ्यांनी तरसांच्या दगड झालेल्या विष्ठेतले परागकण तपासले. तरस दूरवर हिंडतं, चरणाऱ्या जनावरांची आतडीही खातं. म्हणजे आख्ख्या परिसराचा नमुना त्याच्या पोटात आयता गोळा होतो. त्यात पाइन, ओक, ज्युनिपर, झुडपं, गवत असं सगळं निघालं. शिवाय गुहेतल्या कोळशातही पाइन सापडला. जळणाचं लाकूड काही वाऱ्यावर उडून येत नाही, म्हणजे ही झाडं जवळच होती. आज समुद्राच्या पाण्याखाली असलेलं मैदान तेव्हा गुहेसमोर उघडं होतं, आणि हे सगळं तिथे वाढत होतं.

आता शनिदार. १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकींना तिथे सापडलेल्या चौथ्या निअँडरथल सांगाड्याजवळच्या मातीत परागकणतज्ज्ञ आर्लेत लरुआ-गुराँ यांना परागकणांचे पुंजके दिसले, त्यावरून फुलांची कल्पना आली. पण २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकाच पुंजक्यात वेगवेगळ्या वनस्पतींचे कण आहेत आणि त्या साऱ्या एका वेळी फुलत नाहीत. अख्खी फुलं ठेवली असती तर असं झालं नसतं. मातीत बिळं करून पिल्लांसाठी पराग साठवणाऱ्या मधमाश्यांचं हे काम असावं, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं, फुलांची गोष्ट मनातून जाता जात नसली तरी.