गाठीमागे सव्वादोन डॉलर : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ऑस्ट्रेलियात कापसाचं संशोधन शेतकरी स्वतः पैसे घालून करून घेतात असं कृषी प्रदर्शनात ऐकलं. हे खरं आहे का आणि त्यांना परवडतं कसं?
– एक कापूस उत्पादक, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : खरं आहे दादा, फक्त ते एकटे घालत नाहीत, सरकारही बरोबरीने घालतं. तिथे जिनिंग झालेल्या २२७ किलोच्या एका गाठीमागे सव्वादोन ऑस्ट्रेलियन डॉलर कापून घेतात, म्हणजे आपले सव्वाशे रुपयांच्या आसपास, आणि आपल्या हिशेबात बसवायचं तर एका क्विंटल कपाशीला वीसेक रुपये. हा पैसा कॉटन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे जातो. १९९० पासूनची ही संस्था कायद्याने उभी झालेली आहे आणि तिचं ऑफिस राजधानीत नाही, न्यू साउथ वेल्समधल्या नॅराब्राय गावात आहे, भर कापसाच्या पट्ट्यात. शेतकऱ्यांचे जेवढे जमले तेवढेच केंद्र सरकार घालतं, त्याला वरची एक मर्यादा आहे इतकंच.

आता यातली अडचण बघा. वसुली गाठीवर, म्हणजे दुष्काळ पडला की संशोधनाचा पैसाही आटला. २०१९-२० मध्ये तिथे जेमतेम ६ लाख गाठी झाल्या आणि दोनच वर्षांनी ५५ लाखांच्या पुढे गेल्या, मग चांगल्या वर्षातलं राखून ठेवावंच लागतं कारण एक वाण तयार व्हायला कितीतरी वर्षं जातात, पाऊस नाही पडला म्हणून ते काम मधेच थांबवता येत नाही.

परवडतं कसं विचाराल तर त्यांनी आधी न परवडणारं काय असतं ते बघितलंय. उत्तरेकडे ऑर्ड नदीच्या खोऱ्यात मोठ्या आशेने कापूस लावला होता, पण हिरवी बोंडअळी फवारणीला दाद देईना, फवारण्या वाढत गेल्या, खर्च वाढत गेला आणि १९७४ ला तिथली कापूस शेती बंदच पडली. अख्खा पट्टा गेला! ही आठवण असल्यामुळे १९९६ ला पहिलं बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आलं तेव्हा त्यांनी आपल्यासारखं सगळं रान बीटीखाली घातलं नाही, दोन जनुकांचं बियाणं येईपर्यंत ३० टक्क्यांची मर्यादा पाळली, वेचणीनंतर जमिनीतले कोष मारायला नांगरणी सक्तीची केली आणि रेफ्युज, म्हणजे अळीला आसरा देणारं बिगर-बीटी पीक, म्हणून काय लावतात माहितीये का, आपली तूर! सध्याच्या बियाण्यात १०० हेक्टर कपाशीमागे अडीच हेक्टर तूर, तिच्यावर एक फवारा मारायचा नाही, म्हणजे बीटीला बळी पडणारे पतंग तिच्यात जगतात आणि कपाशीतून वाचलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होतो, त्यामुळे बीटीला दाद न देणारी अळी लवकर वाढत नाही. हे नियम ठरवणाऱ्या समितीत शास्त्रज्ञांबरोबर शेतकरी बसतात म्हणून ते पाळलेही जातात. कीटकनाशकांचा वापर १९९० च्या दशकाच्या मानाने तिथे ९० टक्क्यांहून जास्त खाली आलाय. २०१७ चा यवतमाळचा हंगाम ज्यांनी बघितला, फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते बघितलं, त्यांना या आकड्याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

पण एक लक्षात घ्या, तुरीचा हा उपाय जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालणार नाही, कारण आपला आजचा शत्रू गुलाबी बोंडअळी आहे आणि ती तुरीवर जगतच नाही, तिला मुख्यतः कपाशीच लागते. म्हणून मी म्हणतो की संशोधन उसनं आणून भागत नाही, आपल्या अळीवरचं, आपल्या कोरडवाहू रानावरचं आपल्यालाच करावं लागतं. उत्पादनाची तुलनाही सरळ करू नका. त्यांचे शेतकरी दीड हजाराच्या आसपास, बरीचशी शेती पाण्याखालची, मोठमोठी रानं. आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरच्या आसपास कपाशी आणि तीही बहुतेक पावसाच्या भरवशावर.

प्रश्न : मी शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक आहे. नेतृत्व विकासाची ट्रेनिंगं खूप झाली, सर्टिफिकेट मिळतं, पुढे काही नाही. संशोधनाचा पैसा पुढारी घडवण्यावर घालणं म्हणजे वाया घालवणंच नाही का?
– संचालक, भोकरदन तालुका, जि. जालना

उत्तर : नाही ताई, उलट तो घातला नाही तर बाकीचा वाया जायची भीती जास्त. ऑस्ट्रेलियात कोणत्या विषयावर संशोधन हवं यावर शेतकऱ्यांचे गट त्यांच्या कॉटन ऑस्ट्रेलिया या संघटनेमार्फत वर सांगितलेल्या संशोधन महामंडळाला सल्ला देतात. आता त्या टेबलावर बसायचं तर शास्त्रज्ञाला अडवून विचारता आलं पाहिजे की हा प्रयोग किती वर्षांचा, माझ्या शेतात याचा उपयोग काय, यापेक्षा पाण्यावरचं काम आधी का नको. हे आपोआप येत नाही कुणाला. म्हणून तिथे फ्युचर कॉटन लीडर्स नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात शेतकरी, पीक सल्लागार, संशोधक असे वेगवेगळे तरुण लोक एकत्र असतात. एखाद्याला नफिल्ड स्कॉलरशिप देऊन परदेशातली शेती बघायला पाठवतात, एखाद्याला देशपातळीवरच्या ग्रामीण नेतृत्वाच्या लांब कार्यक्रमाला.

तुमच्याकडच्या ट्रेनिंगचं पुढे काही होत नाही कारण पुढे खुर्चीच नसते. दोन दिवस हॉलमध्ये बसवलं, जेवण दिलं, फोटो काढला, पण शिकलेल्या बाईला निर्णय घेता येईल अशी जागा दिलीच नाही तर ती काय करणार? त्यात दोष तुमचा नाही. पुढच्या ट्रेनिंगला बोलावतील तेव्हा आधी सरळ विचारा की यानंतर आमच्यातलं कोण कोणत्या समितीवर जाणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय नावं देऊ नका.

प्रश्न : मग आपल्याकडे कापूस संशोधनासाठी असा सेस (उपकर) का नाही?
– एक विद्यार्थी, कृषी महाविद्यालय, अकोला

उत्तर : होता की! १९२१ ला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, १९२३ ला कापूस उपकराचा कायदा आला आणि त्या पैशातून १९२४ ला मुंबईत माटुंग्याची कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली, जी आज सिरकॉट म्हणून ओळखली जाते. इंदूरच्या संशोधन संस्थेलाही याच कमिटीचा मोठा हातभार होता. १९६६ ला कमिटी बरखास्त झाली आणि संशोधन आयसीएआरकडे, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेकडे गेलं. पुढे १९७६ ला नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली, अकोला-परभणीच्या विद्यापीठांनी चांगले वाण दिले, नांदेडचं एनएचएच-४४ तर घरोघरी होतं. कामं झाली, पण पैसा देणारा शेतकरी नव्हता, म्हणून विचारणाराही तो नव्हता.

आज पुन्हा सेस लावा असं मी म्हणणार नाही, आधीच भाव हमीच्या खाली जातो तिथे आणखी कपात कोण सोसेल, आणि खर्चावर शेतकऱ्याचा ताबा नसेल तर तो नुसता आणखी एक कर. पण बसायच्या जागा आजही आहेत. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते, तिच्यात शेतकरी प्रतिनिधी असतात. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर असतात. तुझ्या जिल्ह्यात ते कोण आहेत, मागच्या बैठकीत कपाशीवर काय बोलले, एवढं शोधून काढ आणि आम्हाला लिहून पाठव, आपण ते याच सदरात छापू.